घर कुणाचं? किर्लोस्करवाडी वर्गात शिकवताना

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, पण तिची गोष्ट सुरू होते आमच्या बेळगावात. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून ते इथे आले. बंधू रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, म्हणून पहिले नांगर बराच काळ पडून राहिले. धंदा जरा मार्गी लागतो तोच नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी झाली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. १०,००० रुपयांचं कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ, निवडुंगाचा आणि सापांचा. १९१० साली तिथे कारखान्याबरोबर वस्तीही उभी राहू लागली.

आमच्या गावात किर्लोस्कर रोड आहे, मुलं रोज त्यावरून सायकली हाणतात. त्यामुळे हा भाग शिकवायला सोपा. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणदारीला ठेवलं, हे ऐकून पोरं हमखास कान टवकारतात. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही, हा दंडक त्या काळात लहान नव्हता. १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, १९३० मध्ये 'स्त्री'. एका माळावरून निघालेली मासिकं मराठी घराघरांत गेली. मी हे सगळं बरीच वर्षं भरभरून सांगत आलो.

एकदा मुलांना म्हटलं, अशा कारखाना-गावाचा नकाशा काढा आणि प्रत्येक गोष्टीखाली मालक लिहा. घरं, विहीर, शाळा, दुकान, रस्ता. सगळ्यांखाली एकच नाव येत गेलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, मग नोकरी गेली म्हंजे घर पण जातंय काय?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. माझं बालपण एका गिरणीच्या खोलीत गेलं. दिवे गिरणीचे, दवाखाना गिरणीचा, भोंगा झाला की आमच्या आया चुलीवर भाकरी टाकायच्या. वडील निवृत्त झाले तेव्हा खोली सोडायला मुदत मिळाली ती एका महिन्याची. शेवटच्या दिवशी आईने जमीन सारवली, आणि किल्ली देऊन आली. सारवायचं कशाला, असं मी चिडून विचारलं होतं. "पुढची बाई येईल की," एवढंच ती बोलली.

हे मी वर्गात कधीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. लक्ष्मणरावांचं मोठेपण मला आजही तितकंच वाटतं; पण मालक चांगला म्हणून गाव चांगलं, आणि मालकाचं मन पालटलं तर? किंवा धंदाच बसला तर? हा प्रश्न त्या मुलीला सुचला, मला सुचायला हवा होता.

आता नकाशात मी आणखी एक रकाना ठेवतो: काम संपल्यावर हे लोक कुठे गेले? पुस्तकात ते सापडत नाही. मुलांना घरी आजोबांना विचारावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी माझा तास घंटा झाली तरी संपत नाही.