जुन्या बारामतीची एक फेरी, आणि नकाशात नसलेला सुप्याचा बाजार

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मावसभावाची मुलगी पुण्यात इतिहास शिकते. सुट्टीत आमच्याकडे आली. आम्ही बारामतीकर पाहुण्यांना जे दाखवतो ते सगळं दाखवलं. एमआयडीसी, मोठमोठी कॉलेजं, रुंद रस्ते, तीन हत्ती चौक. संध्याकाळी ती म्हणाली, "काका, हे सगळं छान आहे, पण हे नवीन आहे. जुनं गाव कुठंय?"

खरं सांगतो, गडबडलो. वीस वर्षं या गावात बातमीदारी करतोय. नगरपालिकेच्या सभा, ऊसदराची आंदोलनं, निवडणुका, सगळं लिहिलं. बाहेरच्या लोकांना तर वाटतं की बारामतीचा इतिहास १९६७ ला, शरद पवार पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा सुरू होतो. आणि आपणही तो समज कधी खोडून काढला नाही.

रात्री वहीच्या पानावर ठिकाणं लिहिली. गाईड नाही, ॲप नाही, तिकीट नाही. सकाळी साडेसहाला आम्ही दोघं पायी निघालो. तुम्हालाही करता येईल म्हणून इथं देतोय.

पहिला मुक्काम कऱ्हेचा काठ आणि काशीविश्वेश्वर. कऱ्हा म्हणजे वर्षातले बरेच महिने कोरडी नदी. पण गाव वसलं ते तिच्याच आधारानं. हीच कऱ्हा वर मोरगावच्या मयूरेश्वराजवळून येते. घाटावर पाच मिनिटं उभं राहिलं की गाव आधी कुठं होतं आणि नंतर कुठं पसरलं हे न सांगता कळतं.

दुसरा मुक्काम बाबूजी नाईकांचा वाडा. इथं मी पुतणीला थांबवून गोष्ट सांगितली. बाबूजी नाईक जोशी हे पेशवाईतले बडे सावकार. नुसते सावकार नाहीत, सोयरेही. बाळाजी विश्वनाथांची मुलगी, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई, नाईकांच्या घरात दिलेली. बाजीरावांच्या मोहिमा जगाला माहीत आहेत, पण मोहिमेला पैसा लागतो आणि तो कर्जानं उभा राहतो. त्या कर्जातला मोठा वाटा बारामतीच्या नाईकांचा.

एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. पेशवेपद कुणाला द्यायचं हा प्रश्न साताऱ्याला शाहू महाराजांसमोर आला. तेव्हा नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी नाव पुढं केलं ते बाबूजी नाईकांचं. विचार करा, मराठी राज्याचा पेशवा बारामतीचा होता होता राहिला! वस्त्रं मिळाली नानासाहेबांना. मग नाईकांनी जुन्या कर्जाचा तगादा लावला, आणि ते निस्तरायला पेशव्यांना पुरंदऱ्यांची मदत घ्यावी लागली.

पुतणी हसून म्हणाली, "म्हणजे काका, पेशव्यांनाही वसुलीवाले होते?" होतेच की. फरक इतकाच की पेशव्यांचं कर्ज फेडायला पुरंदरे धावून आले. कुणब्याचं कर्ज फेडायला कोण येणार? हा प्रश्न डोक्यात ठेवा, पुढं लागणार आहे.

याच वाड्याच्या आश्रयानं मोरोपंत बारामतीत राहिले. जन्म १७२९ चा, पन्हाळ्याचा. वडील नोकरीसाठी नाईकांकडे आले आणि त्यांच्या मागं मोरोपंतही. 'आर्याभारत', 'केकावली', एकशे आठ रामायणं रचण्याचा तो अचाट उद्योग, यातलं बहुतेक इथं झालं. १७९४ ला ते गेले. आपण शाळेत मोरोपंतांच्या आर्या पाठ केल्या, पण कवीला निवांत लिहिता आलं कारण त्याच्या घरच्या दाण्यागोट्याची काळजी एका सावकारानं घेतली होती, हे कुणी सांगितलं नाही. यात कमीपणा काही नाही. पण सावकारीच्या पैशाचं हेही एक रूप होतं, ते नोंदवायला पाहिजे.

तिसरा मुक्काम सिद्धेश्वर मंदिर. दगडी, थंडगार. इथं बोलू नका, नुसतं बसा. तिथून जुन्या पेठेतून चालत या. लाकडी माड्यांची घरं आता मोजकी राहिलीत. दर वर्षी एखादं उतरतं आणि तिथं काचेचं दुकान उभं राहतं. घर ज्याचं, निर्णय त्याचा, तक्रार नाही. फक्त पाडायच्या आधी एक फोटो काढून ठेवा.

चौथा मुक्काम कॅनॉल, म्हणजे नीरा डावा कालवा. आपण त्याच्या काठावर फिरायला जातो, वडापाव खातो, पण बारामतीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी वास्तू तीच आहे. १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ पडला, माणसं आणि जनावरं किडामुंगीसारखी मेली. त्यानंतर सरकारनं नीरेचं पाणी वळवायचं काम जोरात हाती घेतलं. १८८५ च्या सुमाराला पाणी सुटलं. पुढं भाटघरचं धरण झालं. ऊस आला, गुऱ्हाळं आली, कारखाने आले.

आणि तालुक्याचे दोन तुकडे झाले. पाटाखालचा आणि पाटावरचा. पाटाखाली बागायत. वर सुपे, मोरगावची बाजू जिरायत, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी. जनाई-शिरसाईच्या पाण्यासाठी आजही तिथं निवेदनं दिली जातात. तिकडं इंदापुरात कालव्याच्या शेपटाला बावीस गावं पाण्यासाठी भांडतात. त्या भांडणाच्या बातम्या मी कितीदा दिल्यात, मलाच आठवत नाही.

फेरी इथं संपली. दहा वाजले होते. पण पुतणीनं वही मागितली आणि विचारलं, "काका, यात सुपे का नाही?"

तिला अभ्यासक्रमात सुपे होतं. मला, इथल्या पत्रकाराला, वहीत लिहायचं सुचलं नाही.

गाडी काढली, सुप्याला गेलो.

१२ मे १८७५, बुधवार. सुप्याचा बाजार. तेव्हा हा भाग भीमथडी तालुक्यात होता. त्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी बाजारात जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर गेले. मागणी एकच, रोखे आणि वह्या बाहेर काढा. कागद रस्त्यात आणून जाळले. धान्य आणि कापड लुटलं, एका घराला आगही लावली. पण जिथं कागद हातात पडले तिथं माणसांना फारसा हात लागला नाही. राग कागदावर होता. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून जास्त गावांत हे लोण पसरलं. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. सुरुवात आपल्या सुप्याची.

याचं मूळ शोधायला मात्र इंदापूरला जावं लागतं. इंदापूर म्हटलं की आपण मालोजीराजांची गढी सांगतो. शिवरायांचे आजोबा इथल्या लढाईत पडले, ते सांगायलाच हवं. पण १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यातली नवी जमीन मोजणी आणि साराबंदी लागू केली, ती पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात. मुदत तीस वर्षांची. १८६७ ला फेरआकारणी झाली आणि सारा चांगलाच वाढला. त्याआधी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. युद्ध १८६५ ला संपलं, भाव कोसळले, सारा मात्र वाढलेला. सारा रोखीनं भरायचा, रोख फक्त सावकाराकडं. त्यात मुदतीच्या कायद्यामुळं दर तीन वर्षांनी जुन्या कर्जात व्याज मिळवून नवा रोखा. वाचता येत नसलेल्या माणसाचा अंगठा कागदावर, आणि कागद कोर्टात.

म्हणून 'सावकार वाईट आणि शेतकरी चांगला' एवढी सोपी ही गोष्ट नाही. सावकार समोर दिसत होता. सारा वाढवणारा साहेब दिसत नव्हता.

सुप्यात चहाच्या टपरीवर चार जणांना विचारलं. शिवरायांनी सुपे मोहिते मामांकडून घेतलं ते सगळ्यांना माहीत. १८७५ एकालाही माहीत नव्हतं. मी त्यांना हसू शकलो नाही. माझ्या वहीत तरी कुठं होतं?

पुतणीनं तिथंच विचारलं, "कागद जाळले, मग जमिनी परत मिळाल्या का?"

नाही. लष्कर आलं, धरपकड झाली. चौकशीला आयोग बसला. चार वर्षांनी, १८७९ ला, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. रोख्यामागचा खरा हिशेब तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं थांबलं. गेलेलं रान मात्र बहुतेकांचं गेलंच.

हे मी एवढं ठामपणे सांगतोय कारण आमच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत एक मुदत खरेदीचं खत आहे. दोनशे रुपयांचं. खाली पणजोबांचा अंगठा. दंग्यांनंतर पन्नासेक वर्षांनीचं, कायदा असतानाचं. ते रान पाटावरचं होतं, सोडवता आलं नाही. लहानपणी आम्ही त्या कागदाचं विमान करायला निघालो होतो, तर वडिलांनी आयुष्यात एकदाच माझ्यावर हात उचलला.

आजही सावकारी संपली नाही. २०१४ ला राज्यानं नवा कायदा केला, तरी कोऱ्या स्टॅम्पवर सही घेतल्याच्या तक्रारी घेऊन लोक माझ्याकडं येतात. आधी मी त्याची चार ओळींची बातमी करायचो. आता तसं करवणार नाही.

तर मंडळी, दोन विनंत्या. एक, ही फेरी करा, पोरांना घेऊन करा, आणि वाडा बघून थांबू नका, सुप्यापर्यंत जा. दोन, घरातले जुने रोखे, खतं, सातबारे रद्दीत घालू नका. मोडी वाचता येत नसेल तर फोटो पाठवा, वाचणारं माणूस शोधून देईन.

माझ्या वहीत आता पाचवा मुक्काम लिहिलाय, सुप्याचा बाजार. सहावा तुम्ही सुचवा.