पुढची बग्गी कुणाची?

तारीख ३० सप्टेंबर १६६१, तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे. लंडनच्या टॉवरपाशी, थेम्सच्या धक्क्यावर स्वीडनचा नवा राजदूत उतरणार होता. अशा वेळी पाहुण्याला आणायला राजाची बग्गी जाई आणि तिच्या मागोमाग इतर राजदूत आपापल्या बग्ग्या पाठवत. राजदूत स्वतः घरीच बसत. पण राजाच्या बग्गीमागचा पहिला मान फ्रान्सचा की स्पेनचा, याचा निकाल त्या दिवशी रस्त्यावर लागायचा होता आणि दोन्हीकडची माणसे हत्यारांनिशी आली होती. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने आपल्या प्रजेला ताकीद दिली होती की कोणी मध्ये पडू नये.

रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स त्या गर्दीत होता. त्याच्या नोंदीनुसार फ्रेंच माणसे चौपट होती आणि त्यांच्यापाशी पिस्तुले होती. स्पॅनिशांकडे एकही बंदूक नव्हती. तरी जिंकले स्पॅनिशच. त्यांनी फ्रेंचांचे घोडे मारले, आणि आपल्या घोड्यांचे जोते कोणी कापू नये म्हणून चामड्याच्या आत लोखंडी साखळ्या आधीच घालून ठेवल्या होत्या. म्हणजे भांडण ऐनवेळी पेटले नव्हते, दोन्हीकडे त्याची तयारी झाली होती. स्पॅनिश बग्गी पुढे निघाली, माणसे मात्र मेली.

या वैराची मुळे जुनी. रोममध्ये पोपच्या दरबारात १५०४ साली राजांची उतरंड लिहिली गेली होती: आधी सम्राट, मग इतर राजे, आणि त्यांत फ्रान्स स्पेनच्या वर. पुढे स्पेनचा राजा पाचवा चार्ल्स स्वतःच सम्राट झाला, तेव्हा प्रश्नच उरला नाही. त्याच्या मुलाला सम्राटपद मिळाले नाही, पण सवयीचा मान सोडवेना. ट्रेंटच्या धर्मपरिषदेत स्पेनच्या राजदूताला शेवटी रांगेबाहेर वेगळे आसन द्यावे लागले. १६५९ साली या दोन देशांनी तह केला तो सीमेवरच्या बिदासोआ नदीतल्या एका चिमुकल्या बेटावर. फ्रान्सचा प्रधान माझारँ आणि स्पेनचा प्रधान दॉन लुइस दे आरो आपापल्या काठावरून येत, आपापल्या पुलाने. आपल्याकडे लग्नात वरपक्ष-वधुपक्ष मानपानावरून जितके जपून वागतात, तितकीच काळजी तिथे घेतली गेली.

लंडनची बातमी पॅरिसला पोहोचली तेव्हा चौदावा लुई जेमतेम तेवीस वर्षांचा होता आणि स्पेनचा राजा चौथा फिलिप त्याचा सासरा होता. नात्याचा काही उपयोग झाला नाही. लुईने स्पेनच्या राजदूताला देश सोडायला लावले आणि युद्धाची धमकी दिली. स्पेनला तेव्हा युद्ध परवडणारे नव्हते. मार्च १६६२ मध्ये स्पेनचा नवा दूत फुएन्तेस लूव्रमध्ये इतर देशांच्या दूतांसमोर उभा राहिला आणि म्हणाला की आमचे राजदूत यापुढे फ्रान्सच्या राजदूतांशी स्पर्धा करणार नाहीत. वाक्य मोठे चतुर होते. फ्रान्सने अर्थ लावला की स्पेनने पहिला मान दिला. स्पेनला म्हणता आले की जिथे तुम्ही याल तिथे आम्ही येणार नाही, एवढेच. लुईने मात्र या प्रसंगाचे पदक पाडले, आणि पुढे व्हर्सायच्या आरसेमहालाच्या छतावर चित्रकार ल ब्रँने तो रंगवलाही.

तोडगा तसा साधाच होता. १७६० साली लिस्बनमध्ये राजघराण्यातल्या लग्नाच्या निमित्ताने पोर्तुगालचा प्रधान पोम्बाल याने तो सुचवलाही: पोपचा आणि सम्राटाचा दूत सोडून बाकीच्यांचा क्रम त्यांच्या अधिकारपत्रांच्या तारखेवरून लावावा. नकार कोणी दिला? फ्रान्सने, आणि स्पेननेही. या एका बाबतीत त्यांचे एकमत झाले! मग काही वर्षांनी लंडनच्या दरबारी नृत्यसमारंभात फ्रान्सचा राजदूत बाकांवरून उडी मारून रशियाच्या राजदूताच्या वरच्या जागेत घुसला, आणि प्रकरण द्वंद्वयुद्धापर्यंत गेले.

नेपोलियन कोसळल्यावर व्हिएन्नात जमलेल्या मुत्सद्द्यांनी आधी राज्यांचेच वर्ग पाडून पाहिले. त्यावर एकमत होण्याची आशा मला तरी वेडगळ वाटते, झालेही नाही. मग १९ मार्च १८१५ च्या नियमावलीत वर्ग पाडले ते दूतांचे, आणि प्रत्येक वर्गात क्रम ठरला आगमनाची अधिकृत सूचना दिल्याच्या तारखेने. राजघराण्यांतल्या सोयरिकीने कोणाचा मान वाढणार नाही, हेही कलम त्यात आहे. सही करणाऱ्या आठ देशांत फ्रान्स आणि स्पेन दोघेही होते.

पोपच्या दूताचा मान तेवढा राखला गेला. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही ही सवलत टिकली आहे, आणि पॅरिस असो वा माद्रिद, राजदूतांच्या मंडळात पहिला मान आजही त्याचाच. बाकीचे रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे उभे राहतात. दोघे एकाच दिवशी रुजू झाले, तर वेळ पाहतात.