ओवींतला धीर

धीर धरा असें सांगणें सोपें. परंतु संकटाच्या घटकेला तो उपदेश ओठांवर यावा कसा, हा खरा प्रश्न होय. उपदेश विसरला जातो, गाणें राहतें. आपल्या पूर्वजांनीं धीराचें गाणें कसें जतन केलें, हें या महोत्सवप्रसंगीं स्मरणें उचित आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. येशूसंघांत प्रवेश करून ते १५७९ सालीं गोव्यास आले व १६१९ सालीं तेथेंच निवर्तले. नव्यानें बाप्तिस्मा घेतलेल्यांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं. त्यांच्या जागीं गावयास कांहीं हवें, अशी त्यांची मागणी होती. ती जाणून फादरांनीं मराठींत ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याचे दोन भाग असून ओव्या सुमारें अकरा हजार आहेत.

एवढें मोठें काव्य लोकांच्या मुखीं बसलें, याचें पहिलें श्रेय ओवीला आहे. तिचे पहिले तीन चरण यमकानें बांधलेले असतात. एक चरण आठवला कीं दुसऱ्याचा शेवट आपोआप जिभेवर येतो. ज्यास अक्षरओळख नाहीं, त्याच्यापाशीं यमक हेंच पुस्तक. चौथा चरण आंखूड व यमकाविण असतो. तेथें गाणारा क्षणभर श्वास घेतो आणि पुढची ओवी उचलतो. दीर्घ वाट चालणारा वाटसरू असाच थांबत थांबत चालतो. प्रभूच्या दुःखसहनाची कथा या संथ चालीनें ऐकतांना श्रोत्याला केवळ दुःख दिसत नाहीं. पावलामागून पाऊल टाकणारी सहनशीलता त्याच्या श्वासांत उतरते.

दुसरें श्रेय उपमेला व परिचित शब्दांना. फादरांनीं मराठी भाषेची थोरवी सांगतांना फुलांच्या व पक्ष्यांच्या उपमा दिल्या. स्वर्गास वैकुंठ म्हटलें. परक्या देशांतली कथा अशा रीतीनें घरची झाली. आणि घरचें तेवढेंच मनुष्य विपत्तींत उराशीं धरतो.

विपत्ति यावयास विलंब लागला नाहीं. पुराणाच्या आवृत्त्या १६४९ व १६५४ सालीं निघाल्या, पण पुढें छापणें खुंटलें. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढिला. तरीहि पुराण हस्तलिखितांतून व कंठांतून जिवंत राहिलें. जे ख्रिस्ती लोक गोवा सोडून कानडा मुलखांत वसले, त्यांनीं तें सोबत नेलें. १७८४ सालीं टिपू सुलतानानें त्यांच्यापैकीं हजारों लोकांस श्रीरंगपट्टणास बंदींत नेलें. ती बंदी १७९९ सालीं संपली. मंदिरें पाडलीं गेलीं होतीं. त्या पंधरा वर्षांत याच ओव्यांनीं त्यांची श्रद्धा तगविली, अशी परंपरा आहे. बंदिवानापासून ग्रंथ हिरावून घेतां येतो. पाठ असलेली ओवी कोण हिरावील?

१६५४ नंतर पुढची छापील आवृत्ति मंगळूरास निघाली ती १९०७ सालीं, म्हणजे २५३ वर्षांनीं. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढिली, आणि मराठी पुराण मराठी लिपींत वाचावयास मिळालें. पहिल्या तीन आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. कागद गेला, ओवी उरली.

वाचकहो, यांत आपणांस एक बोध आहे. आपल्या भक्तिगीतांत यमक व उपमा हीं केवळ भूषणें नव्हेत. स्मरणाचीं तीं बळकट दावीं आहेत. गीतपुस्तकें आज घरोघरीं आहेत, म्हणून पाठांतर सैल पडलें आहे. मुलांना एक तरी धीराचें गीत पाठ असूं द्यावें. अंधार पडेल त्या रात्रीं पुस्तक उघडतां येणार नाहीं. मुखांत असेल तेंच सोबत करील.