वाणीचा खेळ : पी. के. बॅनर्जी

खेळाडूचे कर्तृत्व गोलफलकावर उरते. प्रशिक्षकाचे कुठे शोधावे? प्रदीपकुमार बॅनर्जी (१९३६-२०२०) यांच्या कारकिर्दीचा विचार करताना आम्हांला हा प्रश्न पडतो.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात गोल करून ते सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. कोलकात्यात मात्र ते प्रामुख्याने ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. मोहन बागान वा ईस्ट बंगाल या मातब्बर संघांकडून कधीच नाही. प्रशिक्षक म्हणून त्यांनी हे दोन्ही संघ घडवले. १९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे नमवले. १९७७ मध्ये त्यांच्याच मोहन बागानने पेलेच्या कॉसमॉसला २-२ असे बरोबरीत रोखले. १९९७ च्या फेडरेशन चषकात अमल दत्त यांची गाजलेली 'डायमंड' व्यूहरचना त्यांच्या ईस्ट बंगालने ४-१ अशी मोडली.

सामन्यापूर्वीच्या त्यांच्या बोलण्याला 'व्होकल टॉनिक' म्हणत. आकडे राहिले, ते बोलणे ऐकणाऱ्यांपाशीच राहिले. मौखिक परंपरेचा इतिहास लिहिताना आपलीही अडचण नेमकी हीच असते.