उजवीकडून येणाऱ्याला वाट

सायकल हे वाहन आहे की नाही, हा प्रश्न ऐकायला पोरकट वाटतो. पण महाराष्ट्रात त्याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसत नाही, कारण तिला इंजिन नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात, ‘वाहन’ या शब्दाच्या पोटात मात्र गाडी, छकडा, हातगाडी, मोटार यांच्या जोडीने सायकल आणि तीनचाकी सायकलही घातलेली आहे. इतकेच काय, जहाज आणि विमानही तिथे वाहनच. म्हणजे हदगावच्या चौरस्त्यावर उभा असलेला सायकलस्वार एका कायद्याने वाहनचालक आहे आणि दुसऱ्या कायद्याने कोणीच नाही.

मी वकील नाही. पण तालुक्याच्या गावात जुने कागद वाचता येणाऱ्या माणसाकडे लोक येतातच. वडिलोपार्जित जमिनीचे उर्दू कागद वाचता यावेत म्हणून चाळिशीत ती लिपी शिकलो, आणि मग खासरा पत्रकाबरोबर लोक अपघाताच्या दाव्याचे कागदही पुढे ठेवू लागले. तुळजापूर, लातूर, नांदेड, हदगाव, उमरखेड, यवतमाळ असा नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आमच्या तालुक्यातून जातो. गावचा रस्ता त्याला जिथे मिळतो तो फाटा. फाट्यावर मेलेला माणूस बहुतेक वेळा पायी असतो, सायकलवर असतो, नाहीतर मोटारसायकलवर. या कागदांत एक शब्द मला पुन्हा पुन्हा भेटत गेला: ‘अचानक’. सायकलस्वार अचानक रस्त्यावर आला. म्हातारी अचानक आडवी आली. जो माणूस तीस वर्षे त्याच फाट्यावरून त्याच वेळी शेतात जातो तो अचानक कसा येतो, हे मला कळेना. चौरस्त्यावर आधी कोणी जायचे, हे कायद्याने कधी आणि कसे ठरवले, याचा शोध मी घेऊ लागलो तो या एका शब्दामुळे.

हदगाव हे त्यासाठी बरे ठिकाण आहे. पैनगंगा ओलांडली की उमरखेड, म्हणजे जुने वऱ्हाड. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात, आणि अलीकडचा हा काठ १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा. नदी एकच, पण एका काठावरचा फौजदार एका सरकारचा आणि दुसऱ्या काठावरचा दुसऱ्या. भारतीय दंड संहितासुद्धा आमच्याकडे १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली. तिचे २७९ वे कलम बेदरकारपणे गाडी हाकण्याचे होते. १८६० साली ते लिहिले गेले तेव्हा डोळ्यांपुढे घोडे आणि बग्ग्या होत्या. म्हणून त्यात ‘कोणतेही वाहन हाकणारा किंवा स्वार होऊन जाणारा’ अशा अर्थाची भाषा आहे. मोटार नव्हती म्हणून मोटारीला वेगळी जागाही नव्हती. रस्त्यावर सगळे सारखे. मला ते कलम या बाबतीत नंतरच्या कायद्यांपेक्षा जास्त समजूतदार वाटते.

निजामाच्या राज्यात सरकारी बस आली ती १९३२ च्या जूनमध्ये, २७ गाड्यांनिशी, आणि तीही रेल्वे खात्याची. खेड्यापाड्यांत मोटार म्हणजे तीच. रस्ता बैलगाडीचा होता आणि मोटार पाहुणी होती. चौरस्त्याचा नियम कोणाला लागणार? तो लागला शहरांना, आणि तो लिहिला गेला दिल्लीत.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याला एक दहावे परिशिष्ट होते. त्यात मोटार हाकण्याचे नियम दिले होते. चौरस्ता, वळण किंवा पादचाऱ्यांच्या ओलांडण्याची जागा जवळ आली की वेग कमी करायचा, आणि कोणाच्या जिवाला धोका न होता पुढे जाता येईल अशी खात्री झाल्याशिवाय आत शिरायचे नाही, हा एक. दुसरा त्याहून महत्त्वाचा. समोरचा रस्ता मुख्य म्हणून ठरवलेला असेल तर त्या रस्त्यावरून येणाऱ्या वाहनांना वाट द्यायची. तसा ठरवलेला नसेल तर आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या सगळ्या वाहतुकीला. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत हे दोन्ही जवळजवळ शब्दशः उतरले.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. नियमाचे शब्द ‘वाहने’ आणि ‘वाहतूक’ असे आहेत, ‘मोटार वाहने’ असे नाहीत. ज्या कायद्यात पानोपानी ‘मोटार वाहन’ म्हटले आहे, त्यात नेमके इथे ते म्हटलेले नाही. माझ्या वाचनाप्रमाणे याचा अर्थ सरळ आहे: साध्या चौरस्त्यावर उजवीकडून सायकल येत असेल तर ट्रकने थांबायचे. पायी माणसासाठी तर थांबायचेच, कारण पहिला नियम कोणाचेही नाव न घेता सगळ्यांच्या जिवाविषयी बोलतो. हे मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर एका ट्रक ड्रायव्हरला सांगितले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “काका, थांबलो तर मागचा येऊन बसतो ना अंगावर.” त्याचेही खोटे नाही.

आता उलट बाजू. सायकलस्वाराने आणि पायी माणसाने काय करायचे, हे मोटार कायदा सांगतच नाही. सिग्नल आणि पाट्या पाळण्याचे कर्तव्य त्याने मोटार चालवणाऱ्यावर घातले आहे. सायकलवाल्याला हात घालायचा तो पोलीस कायद्याने. त्याच्या ३३ व्या कलमात स्वार होऊन जाणारे, गाडी हाकणारे, सायकलवरून जाणारे, चालणारे आणि गुरे घेऊन जाणारे अशा सगळ्यांच्या रस्तावापरासाठी नियम करण्याचा अधिकार दिला आहे. ९९ वे कलम डावी बाजू धरायला सांगते. आमच्या पिढीला हा कायदा माहीत आहे तो डबलसीटमुळे आणि दिव्यामुळे. डायनामो बिघडलेला, कॅरियरवर धाकटा भाऊ, आणि चौकात हवालदार. उतरून चालत गेले की सुटका, हे प्रत्येक पोराला ठाऊक. सायकल हातात धरली की माणूस वाहनचालकाचा पादचारी होतो, ही कायद्यातली बारीक गोष्ट आम्ही पुस्तकाशिवाय शिकलो. सायकलीचा करही होता. ग्रामपंचायतींच्या १९५८ च्या कायद्यात सायकलींवर आणि जनावरांनी ओढायच्या गाड्यांवर कर बसवण्याची तरतूद आहे. कर घेताना सायकल नक्की वाहन असते.

बाहेरच्या जगात ही भांडणे आधी झाली. लॉस एंजलिस शहराने १९२५ मध्ये पायी चालणाऱ्याला ठरावीक जागीच रस्ता ओलांडायला लावणारा नियम केला आणि रस्ता मोटारीचा झाला. इंग्लंडने वेगळी वाट धरली: १९३४ मध्ये ओलांडण्याच्या जागी पिवळ्या गोळ्यांचे खांब, १९५१ मध्ये काळे-पांढरे पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर पाय ठेवलेल्या माणसाला आधी वाट. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वाराला ‘थांबा’च्या पाटीशी पूर्ण न थांबता, वेग कमी करून आणि बघून जाण्याची मुभा दिली. पट्टे आपण इंग्लंडचे घेतले, वागणे लॉस एंजलिसचे.

आपल्याकडे पायी माणसाचा विचार झाला, पण तो मेल्यावर. १९८२ च्या दुरुस्तीने दोष कोणाचा हे न पाहता भरपाई देण्याची सोय केली: मृत्यूला १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वाला ७,५००. १९८८ च्या कायद्यात ते २५,००० आणि १२,००० झाले, १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. दरम्यान १९८७ मध्ये गुजरात एस.टी. महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, स्वतःची चूक नसताना पायी माणूस गाडीखाली आला तर, चालकाचा हलगर्जीपणा असो वा नसो, सामाजिक न्यायाला काही अर्थ असेल तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळाली पाहिजे.

पण यापेक्षा जास्त मागायचे तर दोष सिद्ध करावा लागतो, आणि तिथे ‘अचानक’ हा शब्द पैशात मोजला जातो. मेलेल्याचाही काही दोष ठरला तर तेवढा हिस्सा कापतात. पंचनामा लिहिताना ट्रकचा ड्रायव्हर जबाब द्यायला जिवंत असतो, सायकलवाला नसतो. आणि फाट्यावर कोणता रस्ता मुख्य ठरवलेला होता, वेग कमी करण्याची पाटी होती का, उजवीकडून कोण येत होते, हे प्रश्न मी पाहिलेल्या कागदांत क्वचित विचारलेले दिसले. एका विधवेच्या कागदांत नकाशाच नव्हता. ‘रोडच्या कडेला सायकल पडलेली’ एवढ्यावर सगळे मिटवलेले. तिच्या नवऱ्याचा गाव कोणत्या बाजूला आणि शेत कोणत्या, हे त्यात कुठेच नाही. ते असते, तर तो रस्ता ओलांडतच होता, हे आपोआप दिसले असते.

आमच्याच जिल्ह्यात याला एक अपवाद होऊन गेला. २००८ मध्ये नांदेडला गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली. त्या निमित्ताने, केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेच्या पैशातून, शहरातले कित्येक रस्ते नव्याने आखले गेले. रुंद पदपथ, वेगळी सायकलवाट, फेरीवाल्यांना जागा. देशभरच्या रस्तेतज्ज्ञांत नांदेडचे नाव झाले. सायकलवाटेसाठी भारतीय रस्ते काँग्रेसचे मार्गदर्शन १९६२ पासून छापलेले होते. इतक्या वर्षांनी ते मराठवाड्यात सिमेंटमध्ये दिसले. त्या वाटांवर पुढे मोटारसायकली उभ्या राहिल्या, ही गोष्ट नांदेडकरांना मी सांगायला नको. तरी फाट्यांवर काय करता आले असते, हे बघायचे असेल तर तिथेच जावे.

२०१७ च्या नव्या नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याचे कर्तव्य चालकावर स्पष्ट शब्दांत आले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार कायद्याच्या १३८ व्या कलमात एक पोटकलम घातले: यंत्राविना चालणारी वाहने आणि पादचारी यांच्या रस्तावापराचे नियम राज्य सरकारला करता येतील. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असे म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच न्यायालयाने राज्यांना ते १३८ व्या कलमाखालचे नियम सहा महिन्यांत करायला सांगितले.

ते करताना कोणी १९५१ चे ३३ वे कलम शेजारी ठेवून वाचावे. त्यात चालणारा होता, सायकलवाला होता आणि गुरांमागचा माणूसही होता. २०१९ च्या पोटकलमात पहिले दोघे आहेत, तिसऱ्याचे नाव नाही. आमच्या फाट्यावर दिवेलागणीला आधी गुरे येतात आणि त्यांच्या मागून सायकली.