सुई

माझ्या आज्याच्या तोंडी ‘चर्च’ हा शब्द मी कधीच ऐकला नाही. कुलाब्याच्या त्या उंच, निमुळत्या शिखराला तो ‘सुई’ म्हणायचा. आमच्या घरात सगळेच म्हणत. शाळेत बाईंनी एकदा ‘अफगाण चर्च कोणी पाहिलंय?’ असं विचारलं, तेव्हा मी हात वर केला नव्हता. घरापासून दहा मिनिटांवरची आमची सुई म्हणजेच ते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आजा तांडेल होता. होडी नाखव्याची, पण समुद्रात शब्द तांडेलाचा. त्याच्या तरुणपणी होडीला इंजिन नव्हतं; शीड आणि वल्ही, बस्स. कुलाब्याची जमीन सखल. होडी खूप आत गेली की आधी किनारा बुडतो, मग झाडं, मग घरं. सुई तेव्हा सगळ्यांत शेवटी बुडायची आणि परतताना सगळ्यांत आधी उगवायची. ‘सुई दिसली का घर आयलं,’ असं आजा म्हणायचा, पण नुसती दिसून भागत नसे. कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात खडकांची रांग गेली आहे. प्राँग्जचा दीपस्तंभ १८७५ साली तिच्याच टोकाला उभा राहिला. त्या खडकांना वळसा घालून ससून डॉककडे यायचं, तर सुई दीपस्तंभाच्या कोणत्या अंगाला ठेवायची, ओहोटी असली तर किती लांबून जायचं, हे सगळं त्याला पाठ होतं. जाळं टाकायच्या जागाही त्याने सुईवरूनच धरलेल्या. त्या त्याने शेवटपर्यंत फक्त माझ्या थोरल्या काकाला सांगितल्या.

त्याची एक गोष्ट आम्ही पोरांनी शंभरदा ऐकली असेल. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, पहिल्याच खेपेला वारा फिरला, शीड फाटलं आणि होडी दक्षिणेकडे वाहत गेली. प्यायचं पाणी संपत आलं. माझ्या आत्याच्या मते दोन रात्री गेल्या, आज्याच्या मते तीन. पहाटे ढगाला फट पडली आणि सगळ्यांत लहान खलाशी ओरडला. किनारा नव्हता, डोंगर नव्हता, पाण्यातून नुसती एक काडी वर आली होती. गोष्ट इथवर आली की आजा गप्प व्हायचा आणि आजी त्याच्यापुढे चहा ठेवायची.

सुई उंच झाली ती याच कामासाठी, हे मला फार पुढे वाचताना कळलं. कुलाबा ही १७९६ पासून लष्करी छावणी. छावणीत आधी प्रार्थनेला एक शाकारलेलं साधं घर होतं. मोठं चर्च बांधायचं ठरलं तेव्हा सरकारने जागा दिली, पण अट घातली: चर्चचं शिखर बंदरात येणाऱ्या सगळ्या जहाजांना खूण म्हणून दिसलं पाहिजे. ती खूण १९८ फूट उंच झाली. माझा आजा देवाच्या घराकडे नुसती खूण म्हणून पाहतो, याची लहानपणी मला थोडी लाज वाटायची. ती अट वाचली त्या दिवशी मनात आलं, की हे सांगायला आजा हवा होता.

चर्च आतून दाखवलं ते सुभेदारकाकांनी. आमच्या चाळीत तळमजल्यावर राहायचे. साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमधून निवृत्त झालेले आणि मग गोदीजवळच्या एका गोदामावर पहारेकरी. मी अकरा वर्षांचा असेन. एका दुपारी म्हणाले, ‘चल बाळ, आमच्या पलटणीचं घर दाखवतो.’ मला वाटलं, नेव्ही नगरात नेतील. ते सुईच्या फाटकातून आत शिरले.

बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही क्षण काहीच दिसलं नाही. मग पायाखालच्या रंगीत फरश्या दिसू लागल्या, मग उंच टोकदार कमानी, मग पलीकडच्या खिडक्यांतली रंगीत काच. आमच्या घरात आवाज लाकडात आणि माणसांत जिरून जातो. इथे काकांच्या काठीचा एकेक ठोका वर जाऊन परत येत होता. काका टोपी काखेत धरून सरळ भिंतीपाशी गेले. त्यांना इंग्रजी अक्षर लावून लावून वाचता यायचं. तिथल्या लेखाचा अर्थ त्यांनी मला सांगितला तो असा: सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत, १८३८ ते १८४३ या काळात, तलवारीने किंवा आजाराने जे गेले त्यांच्या आठवणीसाठी हे चर्च बांधलं, अधिकाऱ्यांची नावं वेदीजवळच्या भिंतींवर लिहिली आहेत, आणि खालचे हुद्देदार नि शिपाई इतके आहेत, की त्यांची अशी नोंद करता आली नाही.

‘इतके होते,’ काका म्हणाले. ‘म्हणून ऱ्हायले.’

त्या लढाईची गोष्ट त्यांनी पायरीवर बसून सांगितली. रशिया अफगाणिस्तानातून हिंदुस्थानात उतरेल या धास्तीपायी कंपनी सरकारने शाह शुजाला काबूलच्या गादीवर बसवायचं ठरवलं. १८३८ च्या नोव्हेंबरात मुंबईची फौज सर जॉन कीनच्या हाताखाली जहाजांतून निघाली आणि सिंधू नदीच्या मुखाशी उतरली. ती याच बंदरातून गेली. पुढे १८३९ च्या जुलैत गझनीचा किल्ला पडला, शाह शुजा गादीवर बसला, आणि दोन-अडीच वर्षांत सगळं उलटलं. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून निघालेले साडेचार हजार शिपाई आणि त्यांच्यासोबतची हजारो बायका-पोरं, नोकर-चाकर बर्फात आणि खिंडींत संपले. १३ जानेवारीला त्या फौजेतला डॉक्टर ब्रायडन एका थकलेल्या घोड्यावरून जलालाबादला पोचला. एवढं सगळं पुस्तकांत असतं. काकांचं मन तिथे नव्हतं. त्यांना काहान सांगायचं होतं.

काहान हा मर्री टोळीच्या डोंगरांतला, आजच्या बलुचिस्तानातला एक किल्ला. १८४० च्या मे महिन्यात मुंबईच्या पाचव्या पलटणीचे शिपाई कॅप्टन लुइस ब्राउनबरोबर तिथे जाऊन बसले. रसद आणायला परत निघालेली एक तुकडी वाटेतच कापली गेली. किल्ल्यात शे-दीडशे माणसं उरली. मदतीला निघालेली दुसरी फौज ऑगस्टच्या अखेरीला नफूस्क खिंडीत अडली. गोळ्यांइतकीच माणसं तिथे तहानेने गेली. पोचली असती तर काय, हा विचार काका पुन:पुन्हा करत, जणू त्यांची स्वतःची माणसं खिंडीत अडकली होती. शेवटी मर्रींच्या सरदाराने, दोदाने, वाट द्यायचं कबूल केलं आणि सप्टेंबरच्या शेवटी पाचवीचे शिपाई किल्ल्यातून बाहेर आले. त्या लढ्यानंतर पलटणीला ‘लाइट इन्फन्ट्री’चा मान मिळाला. हीच ‘काली पाँचवीं’, आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. काकांची बटालियन. रंगरूट असताना त्यांनी काहान ऐकलं, सुभेदार झाल्यावर नव्या पोरांना सांगितलं. एकशेसव्वीस वर्षांपूर्वीची तहान ते अशी सांगायचे, की मी घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायलो.

काकांनी मला कोणाचं नाव सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं. पण मुंबईच्या फौजेतली शिपायांची भरती आपल्या कोकणातून, देशावरून होत असे. मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायली, उत्तरेकडून आलेले परदेशी, सगळे एकाच पलटणीत. रत्नागिरीच्या कुठल्या तरी वाडीत १८४१ साली एखादी बाई वाट पाहत असेल, तिच्या माणसासाठी हे एवढं दगडी काम उभं राहिलं आहे हे तिला कोणी कळवलं असेल असं मला वाटत नाही.

पायाचा दगड ४ डिसेंबर १८४७ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी बसवला. विलायतेतून आलेला पहिला आराखडा फार खर्चिक म्हणून मागे पडला आणि काम हेन्री कॉनिबेअरकडे आलं. हा शहराचा इंजिनिअर. विहारचा तलावही त्याच्याच योजनेतून झाला आणि १८६० मध्ये मुंबईत नळाचं पाणी आलं. आजी पहाटे नळावर रांग लावायची, तेव्हा आमच्या घराचं या माणसाशी आणखी एक नातं होतं हे तिला ठाऊक नव्हतं. आतला लाकडी पडदा, बाकं, फरश्या यांची आखणी विलायतेतल्या विल्यम बटरफिल्डची; काचा विल्यम वेल्सच्या.

७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चचं पवित्रीकरण केलं. ही तारीख वाचली की मला नेहमी त्याआधीचा ऑक्टोबर आठवतो. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, इथून दोन-तीन मैलांवरच्या मैदानात, सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना बंडाच्या कटाबद्दल तोफेच्या तोंडी दिलं होतं. दोघंही मुंबईच्याच फौजेतले. त्यांची नावं आज लोकांना ठाऊक आहेत. ज्या शिपायांनी निमूट हुकूम पाळला आणि सिंधमध्ये प्राण सोडला, त्यांची नाहीत. हे मला अजून पचत नाही, आणि चर्चमध्ये बसलो की याचाच विचार होतो.

सुई मात्र तेव्हा अर्धवटच होती. पैसे संपले होते. ती पूर्ण झाली १० जून १८६५ रोजी, आणि त्यासाठी साडेसात हजार रुपये दिले कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी शेटजींनी. आज्याला हे मी एकदा सांगितलं. तो म्हणाला, ‘पारशांना दर्या कलतो.’ त्यापुढे त्याला काही विचारायचं नव्हतं.

१९०४ साली मनोऱ्यात आठ घंटा चढल्या. माझी आजी त्या ऐकून भात चढवायची, असं ती सांगायची. आज्याला त्या वाऱ्यावर ऐकू आल्या की सुई दिसत नसली तरी दिशा लागायची.

चर्चची तिसरी ओळख करून दिली आमच्या चाळीतल्या मावशींनी. अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती, दवाखान्यात परिचारिका. त्या इथे राहायला आल्या तेव्हा सुईखाली प्रार्थना इंग्रजीत चाले, आणि त्यांची मंडळी अमेरिकन मिशनची, म्हणजे वेगळ्या पंथाची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या पंथांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केलं. त्यात अँग्लिकन मंडळीही होती आणि नगरकडची मावशींची मंडळीही. ‘त्या वर्षी नाताळाला मी पहिल्यांदा तिथं पुढच्या बाकावर बसले,’ असं त्या सांगायच्या. ‘तोवर कोणी हाकललं नव्हतं, पण बसवतही नव्हतं जिवाला.’ त्या बाकावर बसून त्यांनी मराठी स्तोत्र मनातल्या मनात म्हटलं होतं.

मावशींमुळेच आजा आत गेला. त्याचे डोळे तोवर अधू झाले होते, होडी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. सत्तरीच्या पुढे एका संध्याकाळी तो मला म्हणाला, ‘माला सुईपाशी ने.’ मावशींनी राखणदाराशी बोलून ठेवलं होतं. मी त्याला वेदीकडे नेऊ लागलो, भिंतीवरचं दाखवू लागलो, काकांचं काहान सांगू लागलो. त्याचं लक्ष नव्हतं. त्याने दारातच चपला काढून हातात घेतल्या होत्या आणि तो मान वर करून छत चाचपत होता. मग म्हणाला, ‘इथं नाय. ती कुठून निगते ते दाव.’

आम्ही बाहेर आलो आणि वळसा घालून मनोऱ्याच्या पायथ्याशी गेलो. दगड दिवसभर तापला होता. आज्याने चपला खाली ठेवल्या, दोन्ही तळवे दगडावर टेकले आणि होडीच्या नाळेवरून हात फिरवावा तसा हात फिरवत कोपऱ्यापर्यंत चालत गेला. तिथे थांबून त्याने समुद्राकडे तोंड केलं. इमारती मधे आल्या होत्या, पाणी दिसत नव्हतं.

‘वारा कुठचा?’ त्याने विचारलं.

‘दक्षिणेचा,’ मी म्हणालो.

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग वाकून एका हाताने चपला उचलल्या. दुसरा तळवा अजून दगडावरच होता.