पावाची भट्टी आणि तिचें गिऱ्हाइक

विसाव्या शतकाच्या मध्यास दिवाळी आठवड्यावर आली कीं पुण्या-मुंबईच्या वस्त्यांतून एक देखावा हमखास दिसे. एका हातांत रवा-मैद्याची पिशवी, दुसऱ्या हातांत तुपाचा डबा, आणि मागून रिकामे पत्र्याचे डबे वाजवीत येणारीं मुलें, असा सरंजाम घेऊन गृहिणी जवळच्या बेकरीकडे निघे. तेथें आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसावें, भट्टीवरचा माणूस तूप-साखर फेसूं लागला कीं आपलें तूप शेजारणीच्या परातींत जात नाहीं ना, इकडे डोळा ठेवावा, आणि भाजून निघालेल्या नानकटाया मोजून डब्यांत भराव्या, असा तो कार्यक्रम असे. भट्टीवाला बहुधा मुसलमान, इराणी किंवा ख्रिस्ती; गिऱ्हाइक पुष्कळदां सोंवळ्या-ओंवळ्याच्या घरांत वाढलेलें. तरी त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नसे. परंतु ह्याच बाईच्या आजेसासऱ्यानें परधर्मीयाच्या हातचें एक बिस्किट उघडपणें खाल्लें असतें, तर त्याच्या पंक्तीस बसावयास आप्तेष्ट कचरले असते. हें अंतर कसें कापलें गेलें, तें पाहण्याजोगें आहे.

‘पाव’ हा शब्दच मुळीं पोर्तुगीज भाषेंतून आलेला आहे. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्यांना रोजच्या जेवणास गव्हाचा पाव हवा होता. पण पीठ फुगविण्यास लागणारें आंबवण येथें मिळेना. तेव्हां माडाच्या ताज्या सुरेवर तें काम भागविण्यांत आलें. पाव भाजणारास गोव्यांत ‘पोदेर’ म्हणतात. डोक्यावर टोपली घेऊन काठी वाजवीत हा पोदेर भल्या पहांटे दारीं येई. काठीच्या जागीं पुढें सायकलीचा भोंगा आला. कोंड्याची ‘पोय’, कडक ‘उंडो’, मुलांना आवडणारें बांगडीच्या आकाराचें ‘काकण’, असे त्याच्या टोपलींतले प्रकार. पुष्कळ घरीं रोजचा पैसा रोज द्यावा लागत नसे. हिशेब भिंतीवर शिसपेन्सिलीनें मांडावा आणि महिनाअखेर फेडावा, अशी वहिवाट होती. गिऱ्हाइक आणि भट्टीवाला ह्यांच्यामधला कागद म्हणजे ती भिंत.

हा विश्वास हिंदु गिऱ्हाइकाला सहजासहजीं साधण्यासारखा नव्हता. त्याचे आक्षेप तीन. पाव परधर्मीयाच्या हातचा, हा पहिला. त्यांत सूर पडते, हा दुसरा. आणि पीठ पायांनीं तुडवितात, हा तिसरा. पायावरूनच ‘पाव’ हें नांव पडलें, अशी व्युत्पत्तिहि लोक मोठ्या खात्रीनें सांगत. ह्या सर्वांखालीं एक जुनें भय दडलेलें होतें. वसई प्रांत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. विहिरींत पावाचा तुकडा टाकला, नकळत लोक तें पाणी प्याले, आणि सारा गांव बाटला, अशा कथा त्या बाजूस पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेल्या. अशी एकेक कथा इतिहास म्हणून मान्य करण्याचें कारण नाहीं. पण तींतील शेवट ध्यानांत घेण्याजोगा आहे. तुकडा टाकणारा परका होता खरा. परंतु पाणी प्यालेल्या माणसाला दार बंद करणारे त्याचे स्वकीयच होते.

ह्याच भयाचा उपयोग सुधारकांनीं कसोटी म्हणून केला. १८४९ सालीं मुंबईंत दादोबा पांडुरंग आदिकरून मंडळींनीं परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मानणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करणाऱ्या नव्या सभासदास तेथें ख्रिस्ती भट्टीवाल्याचा पाव खावा लागे. पण हें सर्व बंद दाराआड चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली. नांवें बाहेर फुटणार ह्या धास्तीनें सभा मोडली. पावाचा घांस गिळण्याचें धैर्य होतें, गिळला असें चारचौघांत म्हणण्याचें नव्हतें.

पुढें तीस वर्षांनींहि फारसा फरक पडलेला दिसत नाहीं. १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानिमित्त जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकहि होते. गोपाळराव जोशी ह्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापवून आणलीं आणि शहरांत गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. रानड्यांसारख्यानेंहि अखेर प्रायश्चित्त घेतलें. एका पेल्याचा आणि एका बिस्किटाचा हा बोभाटा कित्येक महिने पुरला.

सभांनीं आणि वादांनीं जें साधलें नाहीं, तें नाक्यावरच्या दुकानानें गाजावाजा न करतां साधलें. १८५४ नंतर मुंबईंत कापडाच्या गिरण्या उभ्या राहूं लागल्या. कोंकणांतून आणि घाटावरून आलेला कामकरी एका खोलींत दहा जणांसह राही. पहांटेच्या भोंग्याआधीं चूल पेटविण्यास त्याला सवड कोठली? गोव्याच्या भट्टीवाल्यांनीं आणि पुढें इराणांतील यझ्दकडून आलेल्या जरथुष्ट्री लोकांनीं त्याची गरज ओळखली. संगमरवरी टेबल, पाण्याचा पेला, चहा आणि मस्का लावलेला ब्रून, एवढ्यावर माणसाची सकाळ भागूं लागली. मध्यमवर्गीय घरांत पाव शिरला तो वेगळ्या वाटेनें. ज्वरानें अंथरूण धरलेल्या मुलाला डॉक्टर दूध-पाव सांगे. आजारी माणसासाठीं धर्मास मुरड घालण्यास हरकत नसते. मूल बरें झालें, पण पाव घरांतून गेला नाहीं. चहाबरोबर टोस्ट आले, पाहुण्यासाठीं खारी आली.

ह्या देवघेवींत भट्टीवाल्यानेंहि कांहीं सोडलें. सुरेच्या जागीं यीस्ट आलें. ‘अंडें नाहीं ना?’ ह्या प्रश्नास तोंडानें उत्तर देण्यापेक्षां पत्रेच वेगळे ठेवलेले बरे, हें तो शिकला. आणि घरचें पीठ, घरचें तूप घेऊन येणाऱ्या बाईला त्यानें भट्टीपुढें बसूं दिलें; पायांनीं तुडविण्याची गोष्ट तेथें तिच्या डोळ्यांदेखतच खोटी पडली. तिनें मात्र हात कोणाचा, ही चौकशी हळूहळू टाकून दिली. तिचा उरलेला संशय तुपाच्या मापापुरता होता, आणि तो तर ती सोनारापाशींहि बाळगी.

ह्यावरून सर्व दारें दुकानांनीं उघडलीं, असें मात्र कोणीं समजूं नये. अस्पृश्य गणलेल्या गिऱ्हाइकाला ठिकठिकाणीं पैसे दूर ठेवावे लागत, कप वेगळा घ्यावा लागे, कोठें आंतहि येतां येत नसे. २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता रद्द केली आणि दुकानांत व उपाहारगृहांत जातीच्या कारणानें कोणासहि अडवितां येणार नाहीं, असें पंधराव्या कलमांत स्पष्ट लिहिलें. जेथें संवयीचें बळ कमी पडलें, तेथें कायद्याला यावें लागलें.

आतां भट्टीहि बदलत आहे. २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधन स्वीकारण्यास सांगितलें. पाव तोच राहील, चव कदाचित् थोडी बदलेल, आणि जुनीं गिऱ्हाइकें कुरकुर करतील. परंतु ती कुरकुर चवीची असेल, जातीची नव्हे. पंचहौदाच्या त्या चहापासून येथवर यावयास महाराष्ट्रास शंभराहून अधिक वर्षें लागलीं.